तांबडी रेघ

[गांवच्या वाचनालयांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर]



काव्य व कथा यांस स्फूर्ति कोठून मिळते, या विषयावर मला आज बोलावयास सांगितलें आहे. मी कवि नव्हे. पोरांच्या वह्या तपासणारा खेड्यांतला मास्तर आहें. तेव्हां वह्यांपासूनच सुरुवात करतों.

दर पावसाळ्यांत मी वर्गाला "पहिला पाऊस" हा निबंध घालतों. चाळीस वह्या येतात व त्यांतील पस्तीस वह्यांत मोर नाचतो, मातीचा सुगंध दरवळतो आणि धरणीमाता हिरवा शालू नेसते. आमच्या शिवारांत मोर नाहीं. पहिला पाऊस पडतो त्या दिवशीं या पोरांच्या घरांत काय चाललेलें असतें, हें मला ठाऊक आहे. बाप बियाण्याच्या उधारीसाठीं दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो. आई गळक्या कौलांखालीं पातेलें सरकवीत असते. म्हातारा दारांत उभा राहून सांगत असतो कीं, ओल अजून वीतभर गेली नाहीं, पेरायची घाई करूं नका. पोरगा हें सारें डोळ्यांनीं पाहतो आणि वहींत मोर नाचवितो. कां? तर छापील पुस्तकांत मोर आहे, बापाची उधारी नाहीं. जें पुस्तकांत नाहीं तें लिहिण्याजोगें नाहीं, अशी त्याची समजूत होऊन बसली आहे.

ही समजूत करून देणारे आम्ही मास्तर लोक आहोंत. माझीच गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलानें "माझा आवडता प्राणी" या निबंधांत घरच्या बैलाची हकिकत लिहिली. दुष्काळांत बैल बाजाराला नेला. दावें दुसऱ्याच्या हातीं देतांना बापानें त्याच्या कपाळावरचा गोंडा सोडून खिशांत घातला. घरीं येऊन तो जेवला नाहीं. आणि रात्रीं संवयीनें उठून रिकाम्या गव्हाणींत कडबा टाकून आला. हें सारें त्यानें घरच्या बोलींत लिहिलें होतें. मीं काय केलें? "व्हता" खालीं तांबडी रेघ, "म्या" खालीं तांबडी रेघ, पान संपेपर्यंत तांबड्याचा सडा, आणि दहांपैकीं तीन गुण! पुढच्या खेपेस त्यानें मोर नाचविला. मीं सात दिले. ती पहिली वही मला आज हवी आहे. एव्हांना ती चुलींत गेली असेल.

माझ्यापेक्षां शहाणे गुरु या महाराष्ट्रांत होऊन गेले आहेत. पुण्यास जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीनें सन १८५५ मध्यें मांगमहारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला व तो "ज्ञानोदय" पत्रांत छापून आला. तिनें राजहंस शोधले नाहींत, कमळें शोधलीं नाहींत. आपल्या माणसांवर काय गुदरलें तेंच लिहिलें. दीडशें वर्षें उलटून गेलीं तरी तो निबंध लोक वाचतात. त्याच सालीं जोतीरावांनीं "तृतीय रत्न" हें नाटक लिहिलें. त्यांत आहे काय? एक कुणबी, त्याची गरोदर बायको, आणि ग्रहांची भीति घालून दोघांना नागविणारा जोशी. घरांत मूल येणार ही घरोघरची गोष्ट. पण त्या दिवसांत माणूस हळवा होतो, भितो, कोणाचेंही ऐकतो. जोतीरावांनीं तेवढें नेमकें हेरलें.

आयुष्याला वळण लागतें तेथें सांगण्याजोगें कांहीं सांपडतें, असा माझा अनुभव आहे. लेक सासरीं जाते, वाटणी होऊन घरांत दोन चुली मांडल्या जातात, ऊसतोडीला जातांना घराला कुलूप लागतें. देहूच्या तुकोबांच्या घरीं १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत पहिली बायको व मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यांची वाणी पुढें साऱ्या महाराष्ट्रानें ऐकली. मात्र भूक ही कवितेची माउली आहे असें कोणी पोटभर जेवून सांगूं लागला, तर त्याचें ऐकूं नका. त्या दुष्काळांत हजारों माणसें मेलीं व तीं कांहींच सांगून गेलीं नाहींत.

कारागीर बंधूंनीं आपला धंदाही कमी समजूं नये. सांवतोबांनीं मळा, नरहरी सोनारांनीं सोनारकी व सेना न्हाव्यांनीं आपली हजामत अभंगांत आणली. देवानें कांहीं विटाळ मानल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां निसर्गाचें पाहूं. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. ऐन उमेदींत वैधव्य आलें. शेतांत व घरांत राबतां राबतां त्या गाणीं रचीत गेल्या. मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ तीं उतरून घेत गेले. त्यांच्या पश्चात् १९५२ सालीं पुस्तक निघालें, त्यास आचार्य अत्रे यांनीं प्रस्तावना लिहिली. विषय म्हणाल तर जातें, मोट, पेरणी, उफणणी, सुगरणीचा खोपा. बोली सगळी घरची. तांबडी रेघ मारणारा मास्तर त्या बाईंना भेटला नाहीं, हें मराठीचें भाग्य!

सुगरणीचें नांव निघालें म्हणून सांगतों. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळ किहीम येथें या पाखरांवर नजर ठेवली. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला कीं मादी येऊन पाहते. मनास आला तर राहते. ती अंड्यांवर बसली कीं हा गृहस्थ दुसरा खोपा विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठीं! आपण विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे जन्मभर पाहतों, पण यांतलें किती जणांनीं पाहिलें होतें? एवढ्यांत एक सबंध गोष्ट आहे, आणि ती फुकट आहे.

एक काम मात्र थांबून राहण्यासारखें नाहीं. पिठाची गिरणी आली, बायांचे हात मोकळे झाले, फार चांगलें झालें. पण जातें कोपऱ्यांत गेलें तशी ओवीही गेली. पुण्याच्या हेमा रायरकर व गी प्वातवाँ यांनीं हजाराहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या जमविल्या. आपल्या गांवांत तें काम कोणीं केलें? ज्यांना ओव्या येतात त्या म्हाताऱ्या आतां बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, व त्यांतील दोघी आज या सभेंत मागच्या रांगेला बसल्या आहेत.

तेव्हां वाचनालयांत आजपासून एक कोरी वही ठेवली आहे. पावसाची गोष्ट लिहा, बैलाची लिहा, आजीची ओवी लिहा, तोंडांत येते त्या बोलींत लिहा. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं शनिवारीं संध्याकाळीं येऊन सांगावें, मी उतरून घेईन. तांबडी शाई मी घरीं ठेवून आलों आहें.