कढीपत्त्यावरच्या अळ्या
(रजत महोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



'अळ्यांच्या आजी' अशी माझी ओळख करून दिलीत, ती मान्य आहे. पण आधी एक कबुली देते. सुरुवातीच्या वर्षांत मीही कमिटीत होते आणि आवारातल्या झाडांवर नियमित औषध फवारायच्या ठरावावर माझी सही आहे. शाळेत फुलपाखराचं जीवनचक्र फळ्यावर काढायचं आणि घरी येऊन अळ्या मारायच्या!

निवृत्तीनंतर सुट्टीत मुलांना घेऊन बसायला लागले. बी विंगमधल्या एका मुलीने विचारलं, "आजी, आपल्याकडे एवढी फुलं आहेत, मग फुलपाखरं का नाहीत?" फवारणी हे एक कारण होतंच. दुसरं असं, की मध फुलपाखरू अनेक फुलांवर पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीकच झाड लागतं. मॉर्मन फुलपाखराला लिंबाच्या कुळातलं झाड हवं. आपला गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसतो छान, पण मॉर्मनच्या काय कामाचा?

कमिटीने फवारणी थांबवली, याबद्दल मनापासून आभार. मागच्या कोपऱ्यात मुलांनी कढीपत्ता, बेल आणि लिंबू लावलं. पहिल्या अळ्या आल्या तेव्हा एकाने पक्ष्याची शीट समजून पान पुसायलाच घेतलं. लहानपणी त्या तशाच दिसतात, म्हणून तर वाचतात. मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं की डोक्यामागून लाल दुशिंग बाहेर काढते आणि वास सोडते. त्या दिवशीचा आरडाओरडा ए विंगपर्यंत ऐकू गेला असेल.

मग शिंपी पक्ष्याने दोन अळ्या पिल्लांसाठी उचलल्या. मुलं रडली. जाळी लावायची का, यावर तासभर भांडण झालं. पिल्लांनी काय खायचं, हा प्रश्नही त्यांच्यातल्याच एकीने काढला. जाळी लागली नाही. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

गेल्या पावसाळ्यात लिंबावर निळा मॉर्मन आला. २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे. पंचवीस वर्षांत आपल्या आवारात मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

आता येत्या सभेत त्याच कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक टाकून दोन गाड्यांची जागा करायचा विषय आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, नाही म्हणत नाही. माझी स्वतःची गाडी नाही, हेही खरं. पण मतदानाआधी एकदा मुलांबरोबर तिथे जाऊन या. सकाळी आठच्या सुमारास. कढीपत्त्यावर सध्या सात अळ्या आहेत, मुलांनी मोजल्यात.