‘वेंट’ आणि ‘गेला’



‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. ‘अपवाद आहे, पाठ करा,’ असे सांगून आपण बहुतेक शिक्षक पुढे सरकतो. मला वाटते, या अपवादापाशी थोडे थांबावे.

‘वेंट’ हे मुळात ‘गो’चे रूप नव्हेच. ते ‘वेंड’ या क्रियापदाचे. अर्थ वळणे, वाट धरणे. ‘सेंड’चे ‘सेंट’, तसे ‘वेंड’चे ‘वेंट’. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ आणखी निराळ्याच धातूवरून येई. 15व्या शतकाच्या सुमारास ती जागा ‘वेंट’ने घेतली आणि ‘वेंड’ला ‘वेंडेड’ हे नवे रूप मिळाले.

मराठी मुलाला यात परके काही नाही. आपले ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूचे, ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’पासूनचे. इथल्या हिंदीतले ‘जाना–गया’ आणि शेजारच्या गुजरातीतले ‘जवुं–गयो’ याच घरातले. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, की पाठांतराचे ओझे निम्मे होते.

अशी रूपे रोजच्या वापराने टिकतात. ‘क्लाइम्ब’चे जुने ‘क्लोम’ मागे पडले आणि नियमातले ‘क्लाइम्ड’ आले. ‘वेंट’ मात्र सतत तोंडी असल्याने तगले. आपले लहान मूल आधी ‘करला’ म्हणते, तेव्हा तेही नियमच लावत असते. ‘केला’ ते घरात ऐकून शिकते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत ते कानी पडायचे थांबले, तर कोणतेही व्याकरण ते परत आणू शकणार नाही.