घरातील विजेची तार : जाडी आणि धातू
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या विद्यार्थी वसतिगृहातील जुनी वायरिंग काढून नवी बसविण्याचा विषय यंदा कार्यकारिणीपुढे आहे. आलेल्या दरपत्रकांपैकी जे सर्वांत स्वस्त आहे, त्यात न्हाणीघरातील गिझरसाठी दीड चौरस मिलिमीटरची तार धरलेली आहे. एकदा भिंत लिंपून झाली की आतील तार कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून ती लिंपण्यापूर्वीच या रूक्ष विषयावर बोलण्याची अनुज्ञा मी मागितली.

तारेतून प्रवाह वाहू लागला की ती तापते. प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते, हा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. तो आपल्या वसतिगृहास लावून पाहू. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. बोर्डापासून न्हाणीघर २० मीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन तार ४० मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या अंतरात सुमारे ८० वॅट वीज नुसती उष्णता होऊन जाते. चारची तार घातल्यास तीच ३० वॅटच्या आसपास राहते. पूर्वीच्या एका मोठ्या दिव्याइतकी ही उष्णता भिंतीतील नळीत, इतर तारांच्या सोबतीने, कोंडली जाते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सियस आहे. ती वारंवार ओलांडली गेली की आवरण कडक होते, तडकते, आणि पुढे काय होते ते सांगावयास नको.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. एमसीबी वारंवार पडते म्हणून १६ अँपिअरची काढून ३२ची बसविणारे गृहस्थ आपल्यात पुष्कळ आहेत. एमसीबी काय किंवा फ्यूज काय, ती मुख्यतः तारेची राखण करण्यासाठी असते. प्रथम भार पाहावा, त्यावरून तार ठरवावी आणि तारेवरून एमसीबी. हा क्रम उलटविला की एमसीबी स्वस्थ राहते व तार जळते.

जुने वायरमन आजही 'तीन-बावीस', 'सात-वीस' अशी भाषा बोलतात. पहिला आकडा तारेतील धाग्यांचा, दुसरा गेजचा. गेजचा आकडा वाढला की धागा बारीक होतो. त्यामुळे तीन-बावीस ही तीन-वीसपेक्षा बारीक असते, आणि ऐकणारा नेमका उलट समज करून घेतो. दरपत्रक चौरस मिलिमीटरमध्येच मागवावे हे बरे.

आता धातूचा प्रश्न. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. म्हणजे तेवढ्याच कामास तार दीडपटीहून अधिक जाड हवी. वजनाने हलके म्हणून खांबांवरील वाहिन्यांना ते उत्तम. घरात मात्र त्याचे दुखणे तारेत नसते, जोडात असते. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो, आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की हळूहळू पसरतो, तापून-निवून जोड ढिला पडतो व तेथे ठिणग्या उडू लागतात. अमेरिकेत तांबे महागल्यामुळे १९६५ ते १९७३ या काळात असंख्य घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या आणि नंतर त्यांचे जोडच आगीचे कारण ठरू लागले. आपल्याकडेही तांबे आयात करावे लागे, म्हणून त्या सुमारास हीच वाट धरली गेली. वसतिगृहातील जुनी तार त्याच जातीची आहे; काळवंडलेले प्लग कोणीही जाऊन पाहावेत. अशा तारेला तांब्याचा तुकडा पिळून जोडणे तर अधिकच वाईट, कारण पावसाळी दमट हवेत तो सांधा गंजतो. बाजारात वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. ती हातात हलकी लागते, आणि कापलेले टोक आतून पांढरे दिसते.

तेव्हा माझी सूचना अशी. दिवे व पंख्यांना दीड, साध्या प्लगांना अडीच, गिझरला चार चौरस मिलिमीटर आणि प्रत्येक गिझरला स्वतंत्र वाहिनी. मुख्य तार एकूण भाराचा हिशेब करून ठरवावी. तार तांब्याची, आयएसआय चिन्हाची व आयएस ६९४ या मानकाची असावी. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक प्लगपर्यंत जावी, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. काम परवानाधारक ठेकेदाराकडेच द्यावे. खर्चाचा मोठा वाटा भिंती फोडण्यात व मजुरीत जातो. तार बारीक घेतल्याने तो कमी होत नाही.

स्वस्त दरपत्रक नाकारावे असे माझे म्हणणे नाही. वरील आकार लिहून सर्वांकडून पुन्हा दर मागवावेत. काम झाल्यावर मेगर लावून आवरणाची तपासणी व्हावी, आणि कोणती नळी कोठून गेली याचा नकाशा मंडळाच्या दप्तरी ठेवावा.