आधी तालीम, मग परीक्षा

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळचा तास संपवून मी वर्गाबाहेर आलो, तो दारात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी. तिचे गाव तालुक्याच्या पार टोकाला. पहाटेची पहिली एस. टी. धरून ती आली होती. “सर, आज अकराला परीक्षा आहे ना? संगणकाच्या खोलीला तर कुलूप आहे.” परीक्षा त्या दिवशी नव्हतीच; ती पुढच्या आठवड्यात होती. पण चूक तिची नव्हती. परीक्षा ‘उद्या’ असल्याचा ई-मेल तिला आदल्या सायंकाळी गेला होता आणि तो माझ्याच हातून गेला होता. तिने त्या दिवसाची मळ्यातली मजुरी बुडवली होती. हे कळल्यावर मला काय बोलावे ते सुचेना.

झाले होते ते असे. आमच्या महाविद्यालयाचा ऑनलाइन वर्ग मूडल या प्रणालीवर चालतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी मार्टिन डूगियामास यांनी ती रचली, तिची १.० ही आवृत्ती २००२ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडली. ती कोणालाही विनामूल्य घेता येते. आम्हांला तिची नवी आवृत्ती बसवायची होती. आधी करून पाहावे म्हणून मी चालू वर्गाची नक्कल दुसऱ्या यंत्रावर उतरवली, सूचना नीट दिसते की नाही हे पाहायला ‘उद्या अकरा वाजता परीक्षा’ असे लिहिले आणि घरी गेलो. मूडलच्या सूचनाफलकावर लिहिलेले वर्गातल्या प्रत्येकाला ई-मेलने जाते. लिहिणाऱ्याला दुरुस्तीला सवड असावी म्हणून ते साधारण अर्धा तास थांबते, इतकेच. माझा चहा होईपर्यंत तो अर्धा तास सरला. वर्ग नकली होता, पण त्यातले पत्ते खरे होते!

तुम्ही म्हणाल, मग हा तालमीचा खटाटोप हवाच कशाला? हवा. पडदा वर गेल्यावर नटाने नक्कल पाठ करायला घेतली तर कसे चालेल? ऐन परीक्षेच्या दिवशी तीनशे मुले पडद्यासमोर बसलेली असताना ‘हे बटण दाबून पाहू’ म्हणणे तसेच आहे. तालीम हवी, पण ती वेगळ्या जागी हवी आणि त्या जागेचे दार नीट लावलेले हवे.

ही जागा आज क्लाउडवर घेता येते. क्लाउड म्हणजे ढग. पण ही यंत्रे आकाशात नसून जमिनीवरच असतात. मायक्रोसॉफ्टने आपले केंद्र २०१५ मध्ये पुण्याकडे उघडले, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत. गणनशक्ती टेलिफोनसारखी घरोघर पुरवता येईल, असे जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच म्हटले होते. २००६ पासून ॲमेझॉन तासाच्या भाड्याने संगणक देऊ लागले. लग्नाच्या चार दिवसांसाठी कोणी पाचशे पाट-भांडी विकत घेत नाही, भाड्याने आणतो. तालमीच्या यंत्राचेही तसेच.

आता ही जागा कशी उभारावी, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम दाराचे. यंत्र भाड्याने घेताच ते साऱ्या जगाला दिसू लागेल, असे ठेवू नका. महाविद्यालयाच्या इंटरनेट-पत्त्यावरून येणाऱ्यांनाच आत सोडण्याचा नियम आधी लिहा. सामान नंतर आणा.

दुसरे काम जुळणीचे. तालमीचे यंत्र लहान चालेल, पण त्यावरील प्रणाली खऱ्या वर्गासारखीच हवी. नवी आवृत्ती पाहायची असेल, तर तिला काय लागते ते आधी वाचावे. ऑक्टोबर २०२४ च्या मूडल ४.५ ला पी.एच.पी. ८.१ पुरते; एप्रिल २०२५ च्या ५.० ला निदान ८.२ लागते. खऱ्या यंत्रावर जुनी आणि तालमीत नवी पी.एच.पी. असेल, तर तालीम एका नाटकाची आणि प्रयोग दुसऱ्याच, असे होईल.

तिसरे, नक्कल तीन वस्तूंची करावी लागते: प्रणालीची संहिता, माहितीचा साठा म्हणजे डेटाबेस, आणि ‘मूडलडेटा’ नावाचा फायलींचा कप्पा. तिन्ही एकाच वेळच्या हव्यात. नुसता डेटाबेस आणलात तर ग्रंथालयाची सूची आली आणि कपाटे मागेच राहिली, अशी गत होते. टिपणांची नावे दिसतात, पण टिपण उघडत नाही.

चौथे काम सर्वांत नाजूक. ‘कॉन्फिग’ नावाच्या फायलीत वर्गाचा पत्ता लिहिलेला असतो. तो तालमीच्या जागेचा करायला विसरलात, तर प्रणाली तुम्हांला मुकाट्याने खऱ्या वर्गात नेऊन सोडते. तालीम चालली आहे अशा समजुतीने तुम्ही खरे गुण पुसून बसाल. याच फायलीत ‘नोईमेलएव्हर’ ही खूण चालू करता येते. मग प्रणाली एकही ई-मेल बाहेर धाडत नाही. ‘क्रॉन’ हा दर मिनिटाला कामे उरकणारा घड्याळी नोकर सुरू करण्यापूर्वी ही खूण केलीच पाहिजे. मी नेमके हेच केले नव्हते. वर तालमीच्या पानाला भडक रंग द्या आणि माथ्यावर ‘तालीम’ असे मोठ्या अक्षरांत लिहा. थकल्या डोळ्यांना तेवढीच खूण पुरते.

पाचवे, मुलांची नावे आणि पत्ते बदला. ‘विद्यार्थी १’, ‘विद्यार्थी २’ असे पुरे. ई-मेलच्या पत्त्यांना शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ लावा. हे शेपूट १९९९ मध्ये मुद्दाम राखून ठेवलेले आहे, ते कोणाच्याच घरी पोचत नाही. २०२३ च्या कायद्याने व्यक्तीची डिजिटल माहिती जपण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या मुलांचे गुण आणि फोन-क्रमांक तालमीच्या खोलीत उघडे टाकू नयेत, हे आपल्याला कळायला हवे.

सहावे, घड्याळ पाहा. भाड्याची यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. मूडलमध्ये ‘आशिया/कोलकाता’ ही वेळ निवडायची राहिली, तर सकाळी दहाची प्रश्नपत्रिका दुपारी साडेतीनला उघडते.

हे सारे झाले की गर्दीची तालीम. मूडलमध्येच खोटा अभ्यासक्रम आणि खोटे विद्यार्थी निर्माण करण्याचे साधन आहे; जेमीटर या मोफत साधनासाठी आराखडाही ते तयार करून देते. त्याने खोटी गर्दी आत सोडता येते. सगळ्यांनी एकाच क्षणी ‘सुरू करा’ दाबले तर यंत्र किती दमते, हे पाहावे. मात्र लहान यंत्रावरचा आकडा मोठ्या यंत्राला लावू नये. या एका तालमीपुरते यंत्र खऱ्याइतके मोठे करून घ्यावे. मोठेपणाचे भाडे दोन तासांचेच पडते.

शेवटी पैशाची गोष्ट. यंत्र बंद केले की त्याचे भाडे थांबते, पण त्याला जोडलेल्या साठवणीचे भाडे चालूच राहते. म्हणून खर्चाची मर्यादा ठरवून तिच्या इशाऱ्याची सोय पहिल्या दिवशीच करावी. काम संपल्यावर यंत्राची एक प्रतिमा जपून बाकीचे पुसून टाकावे. दुसरे असे की, बंद करून पुन्हा चालू केलेल्या यंत्राचा पत्ता अनेकदा बदलतो. तेव्हा चौथ्या कामातील पत्ता पुन्हा तपासावा.

वाचकहो, हे सगळे करायला पहिल्या खेपेस दोन दिवस लागतात, पुढे एक सकाळ पुरते. मी ते दोन दिवस वाचवायला गेलो आणि त्याची किंमत भरली ती पहाटेची एस. टी. धरून आलेल्या मुलीने.

पुढच्या आठवड्यात खरी परीक्षा सुरळीत झाली. त्याआधी सूचना लागली, तेव्हा तीच मुलगी माझ्याकडे आली आणि हसू दाबत म्हणाली, “सर, ही खरी की तालमीतली?” तेव्हापासून परीक्षेची तारीख मी दाराजवळच्या लाकडी फळ्यावरही लिहितो आणि खाली सही करतो.