शेतसनदीचा करार आणि नंदगडचा वड



नंदगडच्या वडाला अपत्यप्राप्तीच्या इच्छेने येणारी माणसे पाळणे बांधतात. वडाखाली संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी कंपनी सरकारने त्याला याच गावी फाशी दिली. कित्तूरच्या गादीवरील त्याची निष्ठा सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या बंडामागे आणखी एक प्रश्न होता. राज्याने प्रजेकडून शस्त्रसेवा घ्यावी ती कोणत्या करारावर?

रायण्णा शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे सनदेने मिळालेली जमीन कसणारा, गावाची राखण करणारा आणि प्रसंग पडताच हत्यार घेऊन धावणारा शिपाई. त्याचा पगार म्हणजे त्याचे शेत. सेवा सक्तीची होती, पण एकतर्फी नव्हती. चाकरी वंशपरंपरेची, तशीच जमीनही.

१८२४ साली कंपनीने कित्तूरचा दत्तक वारस नाकारला. २३ ऑक्टोबरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत गेली. नव्या अमलाला जुन्या शिपायांची गरज उरली नव्हती. शेतसनद्यांच्या जमिनी सरकारजमा होऊ लागल्या, उरलेल्यांवर जबर सारा बसला. रायण्णाची जमीनही यातून सुटली नाही. १८३० साली त्याने बिडीची कचेरी जाळली आणि दत्तक शिवलिंगप्पाला गादीवर बसविण्यासाठी गनिमी लढा दिला. कचेऱ्यांतील दप्तरेही त्याने आगीत टाकली, कारण अन्याय त्या दप्तरांतच नोंदलेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फितुरीने तो पकडला गेला.

हा प्रश्न फाशीने मिटला नाही. निपाणीपासून दूर नसलेल्या सामानगडावर १८४४ साली तोच पुन्हा उभा राहिला. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या वजनाने कारभार पाहणाऱ्या दाजी कृष्ण पंडितांनी गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविली. वतनी जमिनीवर गडाची राखण करणाऱ्यांनी गडाचे दरवाजेच बंद केले. भुदरगडही उठला. अखेर १३ ऑक्टोबर रोजी कंपनीच्या फौजेने सामानगड हल्ला करून घेतला. एक बंड कानडी मुलखात झाले, दुसरे मराठी; गाऱ्हाणे मात्र एकच होते.

पुढे १८५६ च्या कायद्याने बंगाल फौजेतील नव्या शिपायांवर हुकूम होईल तेथे, समुद्रापारही, जाण्याची अट घातली. मुंबई फौजेची भरती आधीपासूनच तशा अटीवर होत असे; त्यामुळे ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात उठलेल्या सत्ताविसाव्या पलटणीचे कारण केवळ त्या एका कायद्यात शोधता येत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. सेवेच्या अटी सरकारने परस्पर बदलल्या, की शिपायाचे इमान डळमळू लागते.

कंपनीच्या दप्तरी रायण्णा बंडखोर ठरला, तर लोकांच्या तोंडी पोवाड्यांत वीर. कंपनीनंतरच्या इंग्रज अमलातील एक अधिकारी फ्लीट यांनी त्याच्यावरील कानडी पोवाडा ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला. सरकारी दप्तर आणि गावाची आठवण यांची गाठ जेथे पडते ते ठिकाण म्हणजे ग्रंथालय. नंदगडच्या वडाखाली पाळणा बांधणारा हात कानडी की मराठी, हे वड विचारीत नाही. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या या संस्थेच्या कपाटांतही रायण्णा आणि सामानगडचे गडकरी शेजारी शेजारी असावेत.