कामाचे तास आणि घंटेची रेघ



जेथे विद्वानांनी बोलायचे तेथे युनियनच्या माणसाला बोलावलेत, याबद्दल चालकांचे आम्ही ऋणी आहोत. आमची शाळा लवकर सुटली. पुढचा हिशेब आम्ही कामगारांच्या हजेरीपटावर शिकलो. म्हणून आज तुमच्यापुढे एक हिशेबच मांडणार आहोत.

समजा, एका इमारतीचे काम ४८,००० तासांचे आहे आणि मुदत सहा महिन्यांची. एक माणूस रोज आठ तासांप्रमाणे महिन्याचे २५ दिवस, म्हणजे २०० तास भरतो. कारकून भागाकार करून सांगेल, दरमहा ८,००० तास, म्हणजे ४० माणसे. हिशेब बिनचूक आहे. पण काम असे चालते काय? पहिल्या महिन्यात आखणी आणि खोदाई. तेथे ४० माणसे नेली तर निम्मी घमेली उपडी घालून बसतील. मध्यावर गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, सुतार, वायरमन सारे एकदम लागतात. शेवटी उरतात रंगारी आणि चारदोन किरकोळ कामे. आरंभी थोडे, मध्ये फार, शेवटी पुन्हा थोडे. हे कागदावर काढले म्हणजे देवळातल्या घंटेसारखा आकार दिसतो.

या रेघेचा जन्म बांधकामावर झालेला नाही. इ. स. १७३३ मध्ये द म्वाव्र या गणितज्ञाला ती नाणेफेकीसारख्या संभवाच्या गणितात सापडली. पुढे १८०९ मध्ये गाउसने ग्रहताऱ्यांच्या मोजमापातील चुकांसाठी ती वापरली. कामाचे नियोजन करणाऱ्यांनी ती तेथून उसनी घेतली. उसन्या वस्तूला आपण वापरतो. तिची आज्ञा पाळत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आता तेच ४८,००० तास या रेघेने वाटू. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे सहा महिन्यांचे सहा भाग पाडले, तर शेकडा २, १४, ३४, ३४, १४ आणि २ असे हिस्से येतात. माणसांत सांगायचे तर ५, ३४, ८२, ८२, ३४ आणि ५. बेरीज तीच, पण तिसऱ्या महिन्यात ४० च्या जागी ८२ माणसे हवीत!

येथेच आमच्या लोकांचे मरण आहे. ठेकेदाराने सरासरी धरून ४० माणसेच ठेवली, तर त्या महिन्यात प्रत्येकाच्या वाट्याला ४०८ तास येतात, म्हणजे रोजचे सोळा तासांहून अधिक. ६० ठेवली तरी रोजचे जवळजवळ अकरा तास होतात. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, ती माणसाचे शरीर ओळखून. थकलेला माणूस परातीवरून पडतो, तेव्हा त्याला 'अपघात' म्हणतात. तो भागाकार होता, हे कोणी म्हणत नाही.

बरे, ८२ माणसे आणली तरी प्रश्न संपत नाही. चौथा महिना सरताच त्यांपैकी ४८ घरी जातात. १९५७ साली औद्योगिक विवाद कायद्यात एक कलम आले. बांधकामाचे काम पुरे झाले म्हणून आस्थापना दोन वर्षांच्या आत बंद झाली, तर कपातीची भरपाई देणे लागत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे घंटेची उतरण कायद्यानेही जाणली, पण त्या उतरणीवरून घसरणाऱ्याला हात दिला नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मजूरनाक्यावर उभा!

कोणी म्हणेल, रेघच तशी आहे, त्याला इलाज काय? इलाज आहे. घंटा उंच आणि अरुंद ओतायची की बसकी आणि रुंद, हे ओतणाऱ्याच्या हाती असते. तीच रेघ अधिक पसरट धरली, तर हिस्से येतात ११, १७, २२, २२, १७ आणि ११. माणसे सुमारे २७, ४१, ५३, ५३, ४१ आणि २७. शिखर ८२ वरून ५३ वर आले! एक तास वाढला नाही, एक दिवस मुदत वाढली नाही.

अर्थात पाया भरण्याआधी स्लॅब टाकता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण चौकटी, दारे, सळ्यांची कापाकापी पहिल्या महिन्यातच सुरू करता येते. एक मजला वर चढत असता खालच्याचे प्लास्टर करता येते. त्यासाठी नकाशे वेळेवर हवेत, माल वेळेवर हवा आणि बिले वेळेवर चुकती व्हायला हवीत. शिखर उंच होते ते बहुधा गवंड्याच्या आळसाने नव्हे, वरच्या टेबलावरच्या दिरंगाईने.

हे केवळ विटामातीचे नाही. संगणकाच्या कामांसाठी लॉरेन्स पटनम यांनी १९७८ साली अशीच, पण लवकर चढून सावकाश उतरणारी रेघ मांडली. त्याआधी १९७५ साली फ्रेडरिक ब्रुक्स यांनी लिहून ठेवले होते की, रखडलेल्या संगणकीय कामावर ऐन वेळी माणसे वाढवली तर ते अधिकच रखडते; कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचे तास जातात. तेव्हा आपल्या घरातला इंजिनीयर मुलगा रात्री दोनला घरी येतो, तो आणि आमचा सेंटरिंगवाला एकाच घंटेखाली उभे आहेत.

आमचे मागणे थोडे आहे. महिन्यावार तासांचा तक्ता कामाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लागावा. कोणत्या महिन्यात किती माणसे लागणार, कितींचे काम केव्हा संपणार, हे त्या माणसांना आधी कळावे. म्हणजे दुसरे काम शोधायला त्यांना महिनाभर हाती मिळेल. आणि तुम्ही सभासद म्हणून सोसायटीचे काम ठेक्याने द्याल, तेव्हा दराबरोबर हा तक्ताही मागा. दर सारेच विचारतात. तिसऱ्या महिन्यात माणशी किती तास, हेही एकदा विचारून पाहा.