कुलूपबंद डिस्क काढण्यापूर्वीं

बीड जिल्ह्यांत, बालाघाटच्या डोंगरांत, कपिलधार हें मन्मथस्वामींच्या समाधीचें क्षेत्र आहे. तेथल्या शेतकऱ्याचा सातबारा एके काळीं केवळ तलाठ्याच्या दप्तरांत असे. २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह संगणकावरून मिळूं लागला. दप्तर जपण्याची जबाबदारी आतां संगणकाचें भांडार सांभाळणाऱ्यांवर आली आहे.

असें भांडार म्हणजे पुष्कळ डिस्कांचा समूह. प्रत्येक नोंदीच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या डिस्कांवर ठेवतात. एक बिघडली तरी नोंद टिकते. कित्येक भांडारांतील डिस्का ‘सेल्फ-एन्क्रिप्टिंग’, म्हणजे मजकूर स्वतःच गूढाक्षरांत लिहिणाऱ्या असतात. त्यांच्या किल्ल्या दोन. पहिली डिस्कच्या आंतच निर्माण होते व बाहेर येत नाहीं. तिनेंच मजकूर गूढ होतो. दुसरी व्यवस्थापकाची, ती पहिलीला मोकळी करते. वीज तुटतांच कुलूप बसतें. म्हणून चोरानें डिस्क पळविली तरी त्याच्या हातीं निरर्थक अक्षरेंच लागतात.

परंतु हेंच कुलूप निष्काळजी मालकावरही उलटतें. व्यवस्थापकाच्या किल्लीची प्रत भांडाराबाहेर सुरक्षित असावी. डिस्क काढावयाची झाल्यास प्रथम समूहाला ती रिकामी करण्याची आज्ञा द्यावी. तिच्यावरील मजकूर इतर डिस्कांवर पोंचून सर्व प्रती पूर्ण होईपर्यंत थांबावें; तोंवर दुसऱ्या डिस्कला हात लावूं नये. मग किल्लीनें मालकी सोडून डिस्क मूळ स्थितींत आणावी, आणि अनुक्रमांक ताडून तीच बाहेर ओढावी.

घाईनें ओढलेली डिस्क दुसऱ्या यंत्रांत बंदच राहते. अशा वेळीं तिच्या लेबलावर छापलेला ‘पीएसआयडी’ हा ३२ अक्षरांचा संकेत उपयोगी पडतो. मात्र त्यानें मजकूर वाचतां येत नाहीं. डिस्क पुन्हा वापरण्याजोगी होते. आंतली जुनी किल्ली नष्ट होऊन नवी तयार होते आणि जुना मजकूर कायमचा जातो. प्रत अन्यत्र असेल तर ही सोय. नसेल तर सर्वनाश.

किल्ली नष्ट करून मजकूर पुसण्याचा हा मार्ग अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेनें २०१४ च्या मार्गदर्शिकेंत अटींसह मान्य केला आहे. अटी अनाठायीं नाहींत. २०१८ मध्यें नेदरलंड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनीं कांहीं डिस्कांचें कुलूप किल्लीवांचून उघडतें, हें दाखवून दिलें. म्हणून जोखमीच्या नोंदींची डिस्क भांडाराबाहेर जावयाची असेल, तर पुसल्याची खात्री करून घ्यावी; शंका राहिल्यास ती फोडून टाकणें बरें.